वाळूवरच्या दोन रेघा

१

प्रेमा वालावलकरनं ती शबनम पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वतः मात्र उभीच राहिली.

"जुहूला सापडली," ती म्हणाली. "आज सकाळी. शेजारी चपला होत्या. पोलिस म्हणतात, दोन दिवसांत वर्सोव्याकडे कुठेतरी... कुठेतरी वर येईल."

काय वर येईल, ते तिनं सांगितलं नाही. उत्तरा धुरूंनी विचारलंही नाही. तिला हाताला धरून त्यांनी खुर्चीवर बसवलं आणि दार लावून घेतलं.

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दोन साबणवाल्यांच्या मधल्या गाळ्यात, 'किनारा व नदी अभ्यास संस्था' होती. समुद्राच्या लाटा कुठे किती उंच येतील आणि नदीत काही सोडलं तर ते कुठवर, किती वेळात पसरेल, याची गणितं इथे संगणकावर मांडत. उत्तराबाई संस्थेच्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. शेहेचाळीस वर्षांच्या, बोलायला फटकळ, आणि हाताखालच्या माणसांच्या घरची सगळी बित्तंबातमी ठेवणाऱ्या. प्रेमाचा नवरा चंद्रप्रकाश वालावलकर हा संस्थेतला लाटांच्या गणिताचा माणूस. वय चौतीस. हुशार, तापट आणि विसरभोळा. गुरुवारी तो घाटकोपरच्या घरी परतलाच नाही.

"भांडण झालं होतं का घरी?"

"नाही हो, उत्तराताई! सकाळी डबा घेऊन गेला. जाताना म्हणाला, आज सबनीससाहेबांशी एकदाचं बोलून टाकतो. बस्स."

पिशवीची नोंद करून, ओळख पटवून हवालदारानं ती प्रेमाच्याच ताब्यात दिली होती. वरचं कापड मे महिन्याच्या उन्हात सुकत आलं होतं. आत एक टॉवेल होता आणि एक जाडजूड वही. वही ओलीचिंब होती. शाईच्या पेनानं लिहिलेली पानंच्या पानं आकडे वाहून निळी झाली होती. एक अक्षर लागेल तर शपथ.

उत्तराबाईंनी टॉवेल हातात घेतला आणि त्यांना काहीतरी खटकलं. त्यांचं लहानपण जुहूच्या गावठाणात गेलं होतं. समुद्रात भिजलेलं कापड कसं लागतं ते त्यांच्या बोटांना पाठ होतं. चिकट, जड, सुकलं की खरखरीत. हे कापड मऊ होतं.

त्यांनी टॉवेलाचं टोक एका काचनळीवर पिळलं. पाच-सहा थेंब निघाले. मग कपाटातून तपकिरी बाटली काढून त्यांनी नळीत दोन थेंब टाकले.

"हे काय?" प्रेमानं विचारलं.

"सिल्व्हर नायट्रेट. समुद्राचं पाणी असेल तर आत्ता दुधासारखं पांढरं होईल."

दोघी नळीकडे बघत राहिल्या. पाणी किंचित धूसर झालं, महापालिकेच्या नळाचं होतं तेवढंच. त्यापुढे काही नाही.

उत्तराबाईंनी नळी खाली ठेवली.

"प्रेमा, ही पिशवी समुद्रात गेलीच नाही. कुणीतरी ती नळाखाली धरली आहे."

२

पिशवी सापडली होती भीमराजला, आणि हीच गोष्ट पोलिसांना चमत्कारिक वाटत होती. भीमराज जुहूचा कोळी. संस्थेचं लाटा मोजायचं यंत्र समुद्रात नेऊन सोडायचं आणि परत आणायचं, हे त्याचं काम. मार्चमध्ये ते यंत्र दोर तुटून वाहून गेलं तेव्हा चंद्रप्रकाशनं त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार केली होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

दुपारी तीनला उत्तराबाई रिक्षानं जुहूला पोचल्या. भीमराज भेळवाल्यांच्या गाड्यांपलीकडे जाळं दुरुस्त करत बसला होता.

"माझ्यावर संशय हाय ना?" तो मान वर न करता म्हणाला. "असू दे. तो माणूस माझ्यावर उगाच ओरडला. पण म्हणून त्याला मी बुडवीन काय?"

"मला जागा दाखव, भीमराज."

तो उठला. वाळूतून चालत नारळाच्या एका पडलेल्या ओंडक्यापाशी थांबला. "इथं. पिशवी अशी, आन चपला तिच्या बाजूला. जोडीनं. देवळाबाहेर काढून ठेवतात ना, तशा."

उत्तराबाईंनी खाली बघितलं. पायाखाली सुकलेलं शेवाळ, शिंपल्यांचा चुरा, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकचे तुकडे यांची लांबच लांब रेघ गेली होती. समुद्र भरतीला येऊन आपला कचरा टाकून जातो, ती रेघ.

"म्हणजे भरतीच्या रेघेवरच सापडली."

भीमराज पहिल्यांदाच हसला. "बाय, तू जुहूची ना? नीट बघ."

तो समुद्राकडे वीसेक पावलं चालून गेला आणि पायानं वाळू दाखवू लागला. तिथे दुसरी रेघ होती. बारीक, अजून दमट, हिरव्या शेवाळाची.

"ही आजची. सकाळी सातला भरती पुरी होती, तवा पाणी इथपर्यंत. मी पिशवी उचलली तवा मी कोरडा होतो, पिशवीखालची वाळू पन कोरडी. वरची रेघ अवशेच्या उधाणाची. नऊ-दहा दिवस झाले तिला. अष्टमी आत्ताच गेली. आता भांग चाललाय. भांगाचं पाणी कधी ओंडक्यापाशी जातंय?"

उत्तराबाईंना स्वतःचीच लाज वाटली. अमावास्या-पौर्णिमेला मोठी भरती, अष्टमीच्या सुमाराला लहान. उधाण आणि भांग, हे तर त्यांना शाळेच्या आधीपासून ठाऊक होतं. शहरातल्या नोकरीत ते कुठेतरी मागे पडलं होतं.

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनाले, लाटेनं उडाली असेल." भीमराजनं पुन्हा जाळं हातात घेतलं. "ज्यानं ठेवली त्याला ही वरची रेघ दिसली. त्याला वाटलं, समुद्र रोज इथवर येतो. मी सांगतो, बाय, त्याला समुद्र कळत नाय."

परत जाताना रिक्षात उत्तराबाई तेच घोळवत होत्या. चंद्रप्रकाशला जीवच द्यायचा असता तर पिशवी भिजवायची त्याला काय गरज? आणि भिजवलीच असती तर त्यानं नऊ दिवसांपूर्वीची रेघ आजची समजून ती तिथे ठेवली नसती. लाटा हे त्या माणसाचं पोट होतं.

हे दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं. पण मग चंद्रप्रकाश कुठे होता?

३

संस्थेत सगळे कुजबुजत होते. उपसंचालक विद्याधर सबनीस मात्र स्वतः उठून प्रयोगशाळेत आले. पन्नाशीचे, शांत, पांढराशुभ्र शर्ट. वीस वर्षं त्यांनी नद्यांची गणितं केली होती.

"फार वाईट झालं, उत्तराबाई. पोरगा हुशार होता. पण मनानं कमजोर. काल माझ्याकडे आला तेव्हाच मला जाणवलं. काहीच्या बाही बोलत होता."

"कशाबद्दल?"

"काळवी नदीच्या अहवालाबद्दल. सोमवारी बैठक आहे ना." त्यांनी उसासा सोडला. "पिशवी तरी मिळाली. भरती सगळं वर आणून टाकते. प्रेमाबाईंना म्हणावं, काही लागलं तर मी आहे."

ते गेल्यावर उत्तराबाई संगणकाच्या खोलीत गेल्या. तिथे पद्मजा होती, प्रोग्रॅम लिहिणारी पंचविशीची मुलगी. तिचंही चंद्रप्रकाशशी बुधवारी कडाक्याचं भांडण झालेलं सगळ्यांनी ऐकलं होतं.

"हो, भांडलो," पद्मजा म्हणाली. तिचे डोळे सुजले होते. "मॅडम, मला वाटतं, माझ्यामुळेच झालं हे. मी त्याला म्हटलं, तुझ्या लाटा घेऊन तू गप बस ना यार, नदीत कशाला नाक खुपसतोस?"

"पहिल्यापासून सांग. मी केमिस्ट आहे, मला गणित कळत नाही असं समजून सांग."

पद्मजानं सांगितलं ते असं. दक्षिण कोकणात काळवी नदीच्या काठी एक कारखाना व्हायचा होता. तिथे किरणोत्सारी द्रव्यं हाताळली जाणार होती. सांडपाणी पुष्कळ पातळ करूनच नदीत सोडायचं, पण तरीही ते कुठे पोचेल याचा हिशोब हवा होता. कारखान्याच्या वरच्या अंगाला, पाच किलोमीटरवर, आंबेखोल गावापाशी नळपाणी योजनेचा पंप होता. अकरा गावं त्याच पंपाचं पाणी प्यायची.

"सबनीससाहेबांच्या गणितात पाणी वरून खाली जातं. कारखाना खाली, पंप वर. म्हणजे पंपाला धोका शून्य. अहवालात तसंच आहे."

"मग?"

"मूळ प्रोग्रॅमच्या, भोकं पाडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात भरतीचं एक कार्ड होतं. साहेबांनी ते गठ्ठ्यातून काढायला सांगितलं. म्हणाले, नदी ती नदी, समुद्र तो समुद्र. मी काढलं. बुधवारी चंद्रप्रकाशनं गठ्ठा बघितला आणि माझ्यावर उखडलाच. म्हणाला, उन्हाळ्यात नदीला पाणीच नसतं, तेव्हा भरती आत शिरते आणि सगळं उलटं वर ढकलते. खाली सोडलेलं वर जाईल. त्यानं वहीत हातानं गणित केलं होतं. मी म्हटलं, मला नको सांगूस, साहेबांना सांग."

"आणि गुरुवारी त्यानं साहेबांना सांगितलं. ती वही आता निळी झाली."

पद्मजा हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्ही फाटकावरचं रजिस्टर बघितलंत का? आम्ही सगळ्यांनी बघितलं. गुरुवारी पाच वीसला ती शबनम फाटकाबाहेर गेली. चंद्रप्रकाशच्या खांद्यावर नाही."

"कुणाच्या?"

"धोंडूच्या."

४

धोंडू हा संस्थेचा शिपाई. त्याची खोली घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत होती. संध्याकाळी सहाला उत्तराबाई तिथे पोचल्या तेव्हा तो आजचा दिवस रजा टाकून दाराशी गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. त्यांना बघून ताडकन उठला.

"बाई, माझा काय चुकला नाय! देवाशप्पथ!"

"बस आधी. मी पोलिस नाही. पिशवी तू नेलीस ना?"

धोंडूच्या बायकोनं, जानकीनं, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि नवऱ्याकडे रागानं बघत म्हणाली, "सांगा की आता! सकाळपासून जेवले नाहीत, बाई. म्हणतात, माझं कोण ऐकणार."

धोंडूनं सांगितलं. गुरुवारी पाच वाजता चंद्रप्रकाश घाईघाईनं त्याच्याकडे आला. खांद्याला दुसरीच, मोठी पिशवी होती. म्हणाला, मी बाहेरगावी चाललोय, गाडी गाठायची आहे. ही शबनम माझ्या घरी दे. आत प्रेमासाठी चिठ्ठी आहे. धोंडू घाटकोपरचाच, त्याला घर माहीत. तो पिशवी घेऊन फाटकाबाहेर पडला, तर रस्त्यावर सबनीससाहेब स्कूटरवर.

"म्हणाले, काय रे धोंडू, ही वालावलकरांची ना? माका सांगितल्यान होता. दे इकडे, मी त्याच बाजूला चाललंय. मी दिलंय. सायबांका नाय कसा म्हणू?" त्यानं पाण्याचा तांब्या बाजूला सारला. "सकाळी आयकला, पिशवी जुहूक गावली. माका वाटला, चिठ्ठी म्हणजे तसली चिठ्ठी. सायेब घरी पिशवी देऊक गेले असतील, वालावलकर सायबांनी परत घेतली असेल आणि... काय समजाचा? मी सांगितलंय असता तर सगळे म्हणाले असते, शिपाई खोटा बोलता."

"सबनीस राहतात पार्ल्याला," उत्तराबाई स्वतःशीच म्हणाल्या. "घाटकोपरची बाजू कुठली त्यांची?"

जानकीनं तोंडाला पदर लावला.

"धोंडू, चंद्रप्रकाशनं तुला हल्ली काही विचारलं होतं का? गावाबिवाबद्दल?"

"विचारल्यानी ना. बुधवारी. माझा गाव आंबेखोल. विचारला, तुमच्या काळवी न्हंयचा पाणी उन्हाळ्यात कसा लागता? मी सांगितलंय, वैशाखात मचूळ लागता. खारट नाय, पण गोड पण नाय. माझी म्हातारी आवस म्हणता, त्या पाण्यात डाळ शिजत नाय." धोंडूनं त्यांच्याकडे बघितलं. "ता आयकून सायेब एकदम नाचूक लागले. म्हणाले, धोंडू, तू माझा गुरू! मीठ वर येता तर दुसरा पण येतला!"

उत्तराबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांना एकदम आपल्या प्रयोगशाळेतला एक खण आठवला. सकाळपासून तो किंचित उघडा दिसत होता, आणि त्यांनी लक्ष दिलं नव्हतं.

५

शनिवारी सकाळी आठलाच त्यांनी प्रयोगशाळा उघडली. प्रेमालाही बोलावून घेतलं होतं. तिनं रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नव्हता.

खण ओढला. पाण्यातलं मीठ मोजायचं छोटं यंत्र तिथे असायचं. खण रिकामा होता. वरच्या फळीवरच्या दोन डझन नमुन्याच्या बाटल्याही गेल्या होत्या.

"न विचारता नेलं, बघ! गाढव कुठला!" उत्तराबाई म्हणाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदाच चोरी झाल्याचा त्यांना एवढा आनंद झाला. "चल, त्याचं कपाट बघू."

चंद्रप्रकाशच्या कपाटात खाली त्याचे चामड्याचे बूट होते, मोजे आत कोंबलेले.

"प्रेमा, जुहूला सापडलेल्या चपला कुठल्या?"

"रबरी, निळ्या पट्ट्यांच्या. घरच्या नव्हेत. ऑफिसात टेबलाखाली ठेवतो, बसल्यावर घालायला."

"आणि गुरुवारी घरून निघताना?"

"हे चामड्याचे." प्रेमानं बूट उचलून छातीशी धरले. "उत्तराताई, मग तो अनवाणी..."

"थांब. होडीतून, चिखलातून फिरताना काय घालतो तो?"

"कॅनव्हासचे. ते इथेच असतात, कपाटात."

कपाटात कॅनव्हासचे बूट नव्हते.

"माणसाला पाय दोनच," उत्तराबाई म्हणाल्या. "चामड्याचे बूट इथे. चपला जुहूला. म्हणजे त्याच्या पायात कॅनव्हासचे आहेत, खांद्याला मोठी पिशवी आहे आणि पिशवीत माझं यंत्र आहे. जीव द्यायला निघालेला माणूस चोवीस रिकाम्या बाटल्या कशाला नेईल?"

आंबेखोलच्या पोस्टात टेलिफोन होता. उत्तराबाईंनी सगळ्यात तातडीचा, लाइटनिंग कॉल लावायला सांगितला आणि दोघी टेलिफोनसमोर बसल्या. नऊ वाजले. साडेनऊ. प्रेमा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत होती. बुटाची नाडी बांधायची आणि सोडायची.

दहाला दहा मिनिटं कमी असताना घंटा वाजली. खरखरीतून एक म्हातारा आवाज आला.

"आंबेखोल पोस्ट! कोण? मोठ्यानं बोला!"

"मुंबईहून बोलतेय! तुमच्याकडे वालावलकर नावाचे कुणी आलेत का? नदीचं पाणी तपासायला?"

"कोण, मिठाचे सायेब? आहेत की! काल दुपारपासून होडीत बसलेत. तासातासानं बाटली भरतात. जेवायला माझ्याकडेच येतात. बोलवू? पण होडी पलीकडे आहे, तास लागेल."

प्रेमानं रिसीव्हर हिसकावून घेतला. "बरा आहे ना? बरा आहे ना तो?"

"बरे म्हणजे काय, उन्हानं काळे झालेत! आज सकाळी ओरडत आले, पंपापाशी मीठ आलं, मीठ आलं म्हणून. आम्ही म्हटलं, ते दरवर्षीच—"

तेवढ्यात लाइन गेली.

प्रेमा फरशीवर खाली बसली. आधी तिला हसू आलं, मग रडू आलं, मग दोन्ही एकदम येऊ लागलं. उत्तराबाईंनी चष्मा काढून पुसला. पुसण्याजोगं त्याच्यावर काही नव्हतं. मग पद्मजाला हाक मारून त्या म्हणाल्या, "तिघींना चहा सांग. आणि संचालक आले की मला कळव."

६

संचालक मार्तंड फणसळकर यांच्या खोलीत साडेबाराला चार माणसं होती: संचालक, उत्तराबाई, सबनीस आणि दाराशी अंग चोरून उभा धोंडू. चंद्रप्रकाशचा पत्ता लागल्याचं उत्तराबाईंनी अजून सांगितलं नव्हतं.

"सर, पिशवी नळाच्या पाण्यानं भिजवून जुहूला नेऊन ठेवली. हे कुणी केलं ते सांगते. पिशवी ठेवणाऱ्याला ऑफिसातल्या चपला मिळाल्या, म्हणजे माणूस आपल्यातला. पण त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती. जुनी उधाणाची रेघ आणि रोजची रेघ यातला फरक."

"पुढे."

"भीमराज कोळी आहे, त्याला तो फरक झोपेतही कळेल. पद्मजा दर आठवड्याला भरतीची वेळापत्रकं संगणकात भरते, भांग चालू आहे हे तिला तोंडपाठ असतं. धोंडूचं गाव भरतीच्या नदीवर आहे, चंद्राच्या कला बघून तिथे होड्या काढतात. चंद्रप्रकाशचं तर बोलायलाच नको. उरलं कोण? ज्याला पाणी फक्त वरून खाली जातं एवढंच ठाऊक आहे, तो."

सबनीस शांतपणे म्हणाले, "हा तर्क झाला. रजिस्टरमध्ये नाव धोंडूचं आहे."

"धोंडूनं पिशवी तुम्हाला दिली."

"शिपायाचा शब्द!"

धोंडूनं मान वर केली. तो एक पाऊल आत आला. "सायेब, तुम्ही स्कूटरच्या डिकीत घातलास. डिकी लागत नव्हती. मी दाबून धरलंय."

"सबनीस," उत्तराबाई म्हणाल्या, "तुमच्या अहवालातली आणि जुहूच्या वाळूतली चूक एकच आहे. समुद्र केव्हा, कुठवर आत येतो, ते तुम्ही धरलंच नाही. चंद्रप्रकाशनं वहीत ते धरलं होतं, म्हणून वही धुतली गेली. प्रेमाकडे तुम्ही बघितलंत का हो काल? ती वर्सोव्याला प्रेत ओळखायला जायची तयारी करत होती. चिठ्ठी होती ना आत? कुठे आहे ती?"

बाहेर साबणवाल्यांचा भोंगा वाजला. मग सबनीसांनी शर्टाच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला.

"फाडायला गेलो होतो," ते म्हणाले. "फाडवेना. दुसऱ्यानं बायकोला लिहिलेली चिठ्ठी. फक्त सोमवारची बैठक पार पडायला हवी होती. दोन-तीन दिवस सगळ्यांना वाटलं असतं की त्याचं डोकं ठिकाणावर नाही. मग तो परत आल्यावरही त्याचं कुणी ऐकलं नसतं. वीस वर्षं नद्या केल्या मी. पुढच्या वर्षी ही खुर्ची..." त्यांनी संचालकांच्या खुर्चीकडे बघितलं नाही. "आणि गणित चुकलंच आहे की नाही, हे तरी कुठे सिद्ध झालंय? भरती पाच किलोमीटर वर जाते कशावरून?"

"आज सकाळी गेली," उत्तराबाई म्हणाल्या. "आंबेखोलच्या पंपापाशी मीठ लागलं. भांगाची, सगळ्यात लहान भरती असताना. उधाणाला काय होईल ते तुम्हीच मांडून बघा. चंद्रप्रकाश धडधाकट आहे. होडीत बसलाय."

मार्तंड फणसळकर अर्धवट उठले आणि परत बसले. "जिवंत आहे?" त्यांनी दोनदा विचारलं. धोंडूनं दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटले.

सबनीसांनी मात्र टेबलावरचा कोरा कागद पुढे ओढला. उत्तराबाईंना वाटलं, राजीनामा लिहितायत. ते आकडे मांडत होते. अर्धं पान भरलं, मग पेन थांबलं.

"अकरा गावं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "उन्हाळ्यात पंपापाशी ते साचत जाईल. अहवाल मागे घ्या, सर. आजच घ्या."

७

पुढच्या गोष्टी रीतसर झाल्या. सबनीसांनी पोलिसांपुढे जबाब दिला आणि नोकरी सोडली. पद्मजानं भरतीचं कार्ड गठ्ठ्यात घालून गणित पुन्हा चालवलं, आणि कारखान्याला त्या नदीवर जागा मिळाली नाही. भीमराजवरची तक्रार चंद्रप्रकाशनं स्वतःच्या हातानं फाडली. मात्र दोर तपासून बांधायचा की नाही, यावरून ते दोघं अजूनही भांडतात.

पण उत्तराबाईंना या सगळ्या प्रकरणातलं काय आठवतं असं विचाराल, तर त्या रविवारची सकाळ सांगतील.

घाटकोपरच्या त्या इमारतीत शुक्रवारपासून माणसांची रीघ लागली होती. शनिवारी दुपारी बातमी बदलली तरी कुणी घरी गेलं नाही. मुलुंडहून प्रेमाची आई आली होती, खालच्या मजल्यावरच्या सुंदराबाई पोह्यांचं पातेलं घेऊन आल्या होत्या. धोंडू आणि जानकी जिन्यात बसले होते, आणि त्यांना आत येऊन बसायचा आग्रह दहाव्यांदा चालला होता. सगळ्यांना एकमेकांना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायची होती आणि ऐकणाऱ्यालाही कंटाळा नव्हता.

नऊच्या सुमाराला जिन्यावर बाटल्यांचा किणकिणाट झाला. चंद्रप्रकाश वर आला. दाढी वाढलेली, नाकाची साल निघालेली, पायात चिखलानं माखलेले कॅनव्हासचे बूट, हातात बाटल्यांचं खोकं. पोस्टातला फोन कुणी केला, का केला, हे त्याला कुणीच नीट सांगितलं नव्हतं. त्याच्या हिशोबानं त्यानं घरी चिठ्ठी धाडली होती आणि सगळं ठीक होतं.

दारातली गर्दी बघून तो जागीच थांबला. प्रेमाच्या आईचे डोळे पाणावलेले, सुंदराबाईंनी पदर तोंडाला लावलेला, खुद्द उत्तराबाई रविवारी सकाळी त्याच्या घरात. त्याचा चेहरा उतरला. खोकं हळूच खाली ठेवून त्यानं दबक्या आवाजात विचारलं,

"काय झालं? कोण गेलं?"

प्रेमा गर्दीतून पुढे आली. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"तू," ती म्हणाली. "शुक्रवारी गेलास. आता ते बूट बाहेर काढ आणि आत ये."